दारूविना गाणे

संध्याकाळी मूल कोठे जाते, ही चिंता आपल्या वस्तीतल्या प्रत्येक आईला असते. अमेरिकेतल्या आईलाही ती चुकलेली नाही. तेथे नव्या वादकांचे कार्यक्रम बहुधा बारमध्ये होतात आणि २१ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज दारू मिळत नाही. त्यामुळे अनेक बारचे दारच पोरांना बंद. सोळा वर्षांच्या पोराने गिटार वाजवायचे कोठे आणि ऐकायचे तरी कोठे?

कॅलिफोर्नियात पेटालुमा नावाचे गाव आहे. एके काळी कोंबड्यांच्या अंड्यांसाठी ते देशभर गाजले होते. तेथील फिनिक्स थिएटरने सर्व वयांच्या मुलांना दार उघडे ठेवले. ही वास्तू १९०५ च्या सुमाराची, मूळची संगीत-नाटकांची. ती आगीत जळाली. १९२५ मध्ये चित्रपटगृह म्हणून पुन्हा उभी राहिली, पण आगीने पुढेही तिचा पिच्छा सोडला नाही. म्हणून अखेर राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव! १९८३ पासून टॉम गॅफी यांनी अनेक दशके तिचा कारभार पाहिला. पोरवयात ते याच थिएटरात काम करीत असत.

शाळा सुटली की पोरे येथे येतात. आत चाकांच्या फळीवरून घसरण्यासाठी लाकडी उतार आहेत. भिंती पोरांनीच रंगवल्या आहेत. एवढे रंगकाम आमच्या डोळ्यांना जरा जास्तच वाटते, पण पोरांना वास्तू आपली वाटते ती त्यामुळेच. त्यांच्यासाठी येथे आरोग्य केंद्रही उघडण्यात आले. मेटॅलिका, ग्रीन डे यांसारखी पुढे जगभर गाजलेली वाद्यवृंदे याच रंगमंचावर वाजवून गेली.

मात्र खरी अडचण पैशाची. बारवाल्याची कमाई गाण्यावर नसते, ग्लासावर असते. दारू नाही म्हटल्यावर उरते तिकीट, आणि पोरांच्या खिशाला परवडेल तेवढेच ते ठेवावे लागते. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला पैसा आणायचा कोठून? १९९९ मध्ये तर इमारत विकून तेथे कार्यालये करण्याचे घाटत होते. तेव्हा गावातल्याच एका दूरसंचार कंपनीत नोकरी करणारे काही जण पुढे आले. त्यांनी पैसे घालून थिएटर वाचवले. पुढे ते ना-नफा संस्थेच्या हाती गेले आणि पोरांचे येणे-जाणे चालू राहिले.