पिशवी मऊ कशाने होते?

साबुदाण्याची पापडी ओलसर असते तोवर कशी छान वाकते! पण कडकडीत वाळली की जरा दाबली तरी मोडते. कुजणाऱ्या पिशव्या बनवणाऱ्यांपुढेही हीच अडचण आहे, बरं का. मका किंवा बटाट्याच्या पिठाचा पातळ पापुद्रा सहज होतो, पण पाणी उडालं की पिठातले अदृश्य धागे एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि पापुद्रा तडकतो.

उपाय साधा आहे : ग्लिसरीन. आयसिंग मऊ राहावं म्हणून घालतो तेच. ते धाग्यांच्या मध्ये शिरतं, त्यांना सरकायला जागा देतं आणि पाण्यासारखं उडून जात नाही.

मुलांना सुट्टीत करून दाखवा. १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, ४ मोठे चमचे पाणी, १ लहान चमचा व्हिनेगर आणि १ लहान चमचा ग्लिसरीन मंद आचेवर खळीसारखं पारदर्शक होईस्तोवर ढवळा. तेलाचा हात लावलेल्या ताटात पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवा. शेजारी बिनग्लिसरीनचं दुसरं ताट ठेवा. फरक मुलं स्वतःच सांगतील. (हा पापुद्रा फक्त पाहण्यासाठी, त्यात खाऊ बांधू नका.)

आमच्या वर्सोव्यात कोलंबी सोलली की सालांचा ढीग उरतो. त्या सालांपासून रासायनिक प्रक्रियेने कायटोसान काढतात. त्याचाही पापुद्रा होतो, पण तोही ठिसूळच. इथे नवे 'हरित द्रावक' कामी येतात. २००३ साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलीन क्लोराइड आणि युरिया ठरावीक प्रमाणात एकत्र केलं. दोन्ही पांढऱ्या पुडी, पण मिश्रण साध्या तपमानालाही पातळच राहिलं! युरियाऐवजी ग्लिसरीन किंवा लिंबातलं सायट्रिक आम्ल घेऊनही असे द्रव होतात. ते हवेत उडत नाहीत, आणि पापुद्र्याला मऊपणा देतात.

मग सगळं छानच का? तसं नाही. हे पदार्थ हवेतला ओलावा ओढतात. पावसाळ्यात आपल्या बरणीतलं मीठ पाझरतं ना, तसंच. प्रमाण जास्त झालं की पापुद्रा चिकट होतो, आणि ओल्या पदार्थात त्यातला अंश उतरू शकतो. म्हणून 'हरित' म्हटलं की आपोआप निर्धोक, असं समजू नये. काय घातलंय आणि किती, हे विचारायलाच हवं.

दुसरी गोष्ट पिशवी टाकण्याची. बाजारातल्या बऱ्याच 'कंपोस्टेबल' पिशव्या कुजायला खतकारखान्यातली सुमारे ६० अंशांची ऊब लागते. ती ना नाल्यात मिळते, ना समुद्रात. २०१५ पासून लोकांनी हातांनी कचरा उचलून वर्सोव्याची चौपाटी साफ केली, आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. त्याच महिन्यात राज्याची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. त्या पिल्लांच्या वाटेत कुजणारी म्हणून टाकलेली पिशवीही नकोच.

तेव्हा मासळीला डबा, भाजीला कापडी पिशवी. कंपोस्टेबल पिशवी घ्यावीच लागली, तर तिच्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक आहे का ते पाहा आणि ती ओल्या कचऱ्याच्या डब्यातच टाका. आणि नुसतंच 'पर्यावरणपूरक' छापलेलं असेल, तर दुकानदाराला खुशाल विचारा : बाबा रे, कशाची आहे ही?