रामानंदनगर की पाचगाव?

कोल्हापूरच्या दक्षिणेला घर शोधणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबापुढे हा प्रश्न हमखास उभा राहतो. रामानंदनगर महापालिकेच्या हद्दीत, तर त्याला लागूनच असलेले पाचगाव ग्रामपंचायतीच्या. वस्ती सलग असल्याने पाहणाऱ्याला ही सीमा जाणवत नाही. घरात राहायला गेल्यावर मात्र ती रोज जाणवते.

महापालिका १९७२ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर अर्धशतक उलटले, तरी शहराची हद्द वाढली नाही. गावांचा विरोध आणि शहराचा आग्रह यांतून २०१७ मध्ये तोडगा निघाला तो ४२ गावांसाठीच्या नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाचा. बांधकाम परवान्याचा प्रश्न त्यामुळे प्राधिकरणाकडे गेला. कचरा, गटारे, दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडेच राहिली. ‘उद्या हद्दवाढ होणार, भाव दुप्पट होणार’ असे सांगून सदनिका विकणारे आजही भेटतात. त्या आशेपोटी एक रुपयाही जादा मोजू नये.

खरा हिशेब पाण्याचा आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे. नागाळा पार्क, शाहूपुरीसारख्या प्रतिष्ठित वस्त्यांत पाणी शिरल्यावर अनेकांची नजर दक्षिणेच्या उंच भागाकडे वळली, ती याचमुळे. पाचगाव चढावर असल्याने नदीची भीती नाही. रामानंदनगरही नदीपासून दूर, पण तिथे नाला आहे. दक्षिणेच्या उतारावरचे पाणी मुसळधार पावसात खाली धावते आणि नाल्याकाठच्या घरांत शिरते. वरच्या मोकळ्या जमिनीवर जितक्या इमारती उठतील, तितके ते पाणी लवकर खाली येणार. म्हणजे एका उपनगराच्या वाढीची किंमत दुसऱ्याने मोजायची!

पाचगावचे दुखणे नेमके उलटे, नळाच्या पाण्याचे. उन्हाळ्यात टँकर आणि कूपनलिका यांवर भिस्त ठेवण्याची वेळ तेथील अनेक वसाहतींवर आली आहे. काळम्मावाडी थेट पाइपलाइनचे पाणी २०२३ मध्ये शहराच्या दाराशी आले. परंतु ती योजना शहराची. बिघाड झाला की शहरातही नळ कोरडे राहतात हे खरे, तरी तक्रार करण्यासाठी एक निश्चित कार्यालय असते.

पाचगावात घर तुलनेने स्वस्त पडते, घरपट्टीही कमी. त्यात टँकरचा वार्षिक खर्च मिळवून पाहावा. फरक बराच आटतो. आमच्या मते नाल्यापासून दूर, थोड्या उंचवट्यावर रामानंदनगरात घर मिळत असेल, तर चार पैसे अधिक देण्यास हरकत नाही. तसे न मिळाल्यास नाल्याकाठच्या स्वस्त घरापेक्षा पाचगाव बरे. मात्र तिथे बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः वाचावे, आणि पाणी किती दिवसांआड येते, हे विक्रेत्याऐवजी शेजारच्या गृहिणीला विचारावे. तेही मे महिन्यात.