तारणापलीकडचं भांडवल

व्याजदर उतरले की सातारा-सांगलीत गुंतवणूक आपोआप वाढेल आणि ज्याचा प्रकल्प चांगला त्याला बँक कर्ज देतेच, असं ठासून सांगितलं जातं. मला ही दोन्ही विधानं मान्य नाहीत.

कुपवाड एमआयडीसीतल्या जॉबवर्क करणाऱ्या छोट्या कारखानदाराचा हिशेब पाहा. ऑर्डर हातात आहे, दुसरं सीएनसी मशीन हवं आहे. पण मोठ्या कंपनीकडे बिलं तीन-तीन महिने अडकल्याने सीसी लिमिट काठोकाठ भरलेलं, शेड आधीच गहाण. बँक म्हणते, आणखी तारण आणा. ते नसतं, मशीन येत नाही, ऑर्डर दुसरीकडे जाते. व्याज एक टक्क्याने उतरलं तरी त्याचा निर्णय बदलणार नाही.

साखर कारखान्यांनी हे मोठ्या प्रमाणावर भोगलं आहे. साखरेच्या पोत्यांवर मिळणारं मालतारण कर्ज उसाच्या बिलांतच संपतं. 2018 मध्ये केंद्राने इथेनॉल प्रकल्पांच्या कर्जावर सहा टक्के किंवा बँकेच्या दराच्या निम्मी, यातली कमी असेल ती व्याजसवलत पाच वर्षांसाठी दिली. पण ज्यांचं नक्तमूल्य उणे, त्यांना मुळात कर्जच मिळेना, मग सवलत कशावर घेणार? त्यानंतर बँक, तेल कंपनी आणि कारखाना यांचा त्रिपक्षीय करार पुढे आला. इथेनॉलचे पैसे एस्क्रो खात्यात यायचे, त्यातून हप्ता वळता व्हायचा. ताळेबंद कमकुवत असला तरी विक्रीची खात्री आहे, हे त्यात मान्य झालं.

सैल कर्जवाटपाने बँका बुडतात, हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक 2006 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांखाली आली आणि आयडीबीआयमध्ये विलीन झाली. सांगली बँकही 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. पण या दोन बँकांबरोबर माणूस आणि त्याचा धंदा वर्षानुवर्षं पाहिलेली नजरही गेली, आणि ती उणीव गहाणखताने भरून निघत नाही. 1910 मध्ये बेळगावची जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं ते त्यांची कर्तबगारी पाहून. किर्लोस्करवाडी त्यातून उभी राहिली.

आज राजाश्रयाची गरज नाही. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलवटणुकीच्या मंचावर नोंदणी सक्तीची झाली आहे, पण नुसत्या नोंदणीने पैसा सुटत नाही. लघुउद्योजकाचं बिल तिथे ठरावीक दिवसांत मान्य करणंही सक्तीचं करा, आणि त्या मान्य बिलावर वेगळं तारण न मागता कर्ज द्यायची मुभा शाखाधिकाऱ्याला द्या.