योगायोगाचे सौंदर्यशास्त्र आणि सावित्रीवरचा पूल

निशिकांत कामत यांच्या ‘मुंबई मेरी जान’ (2008) या चित्रपटाविषयी लिहिताना ‘परस्परांना अनोळखी असलेल्या माणसांना स्फोटाने जोडले’ हे विधान आपल्या समीक्षाव्यवहारात बिनदिक्कत केले जाते. संरचनेचे वर्णन म्हणून ते चालेल. उपपत्ती म्हणून ते खोटे आहे, आणि सोयीचेही आहे.

11 जुलै 2006 च्या लोकलमधील स्फोटांनी थॉमसला मॉलबाहेर काढलेले नाही. अत्तराच्या बाटल्या हाताळल्या म्हणून त्याच्या कुटुंबाला सर्वांदेखत हुसकावले जाते, ते त्यांची पायरी ओळखूनच. शहर त्याच्या हातची कॉफी आधीपासून पीतच होते. स्फोटाने त्याला फक्त सूडाची भाषा पुरवली: बॉम्ब ठेवल्याच्या खोट्या दूरध्वनींची. सुरेशचा मुसलमानद्वेष आणि निवृत्तीला टेकलेल्या हवालदार तुकाराम पाटलांची हतबलता याही स्फोटापूर्वीच्याच. ‘अनोळखी’ हे विशेषण पात्रांचे नव्हे. ते पाहणाऱ्याच्या आसनाचे आहे. अखेरच्या दोन मिनिटांच्या स्तब्धतेत चित्रपटही हे विसरतो आणि सर्वांना एकाच दुःखात समान करून टाकतो. समीक्षकांना नेमका तोच शेवट प्रिय!

रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडातून मुंबईला निघालेला माणूस महाडला उतरून हमरस्ता धरतो. त्याच रस्त्यावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री कोसळला आणि मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. योगायोगवाद्यांना हे आयते कथानक वाटेल. परंतु त्या प्रवाशांना एकत्र आणणारी शक्ती नियती नव्हती. कोकणी माणसाला पोटासाठी मुंबई धरायला लावणारी अर्थव्यवस्था आणि जुना पूल वाहतुकीला खुला ठेवणारा कारभार, हे त्या कथानकाचे खरे कर्ते होत. ‘योगायोग’ म्हटले की कर्ता वाक्यातून गळतो.

देशीवाद्यांनी मात्र येथे टाळ्या वाजवू नयेत. गावात कोणी अनोळखी नसतो, हे खरे. पण महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांना पाणी नाकारले जाई, त्यांची जात नाकारणाऱ्यांना पक्की ठाऊक होती. तेथे परकेपणा ओळखीतूनच घडवला होता. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांबरोबर तळ्याकडे निघालेली हजारो माणसे गावोगावहून आली होती, बहुतेक एकमेकांना अपरिचित. त्यांना कोणत्या अपघाताने जोडले होते, हे योगायोगवाद्यांनी एकदा सांगावे.