पाच रुपयांचा पुडा म्हणजे बाळाचं जेवण नव्हे

"डॉक्टर, बाळ काहीच खात नाही. नुसतं चहा-बिस्किट खातं." वाशीम जिल्ह्यात लहान मुलं तपासणाऱ्या डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. पण ते उलटं करून ऐका. बाळ चहा-बिस्किट खातं, म्हणून बाकी काही खात नाही. तेव्हा भुकेचं टॉनिक मागू नका, आणि कुणी न मागता लिहून दिलं तर 'कशासाठी?' असं जरूर विचारा.

आपला जिल्हा सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा. डाळीच्या या मुलखात बाळाच्या वाटीत मात्र वरणाचं नुसतं पाणी येतं आणि हातात मैदा-साखरेचा पुडा. २०१८ साली नीती आयोगाने महाराष्ट्रातले चार जिल्हे आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले, म्हणून निवडले. नंदुरबार, गडचिरोली आणि धाराशिव यांच्याबरोबर त्यात वाशीमही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते, की महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी ३५ वयाच्या मानाने बुटकी आहेत आणि जवळपास २६ उंचीच्या मानाने रोड. सहा महिन्यांवरच्या १०० पैकी जवळपास ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आहे.

पोट लहान, गरज मोठी

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं आणि उंची साधारण २५ सेंटिमीटरने वाढते. एवढ्या वेगाने माणूस पुन्हा कधीच वाढत नाही. मेंदूची बरीचशी वाढही पहिल्या दोन वर्षांतच होते. पहिले सहा महिने या सगळ्याला आईचं दूध पुरतं. त्यानंतर नुसतं दूध पुरत नाही.

आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २४० मिली अन्न मावतं, म्हणजे दीड वाटी. त्या दीड वाटीत वरणाचं पाणी भरलं तर पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही, कारण डाळ पातेल्याच्या तळाशीच राहिलेली असते. बिस्किट भरलं तर ऊर्जा मिळते, पण प्रथिनं आणि लोह फारसं नाही. वर चहा पाजला, की चहातले घटक अन्नातलं लोह अंगात शोषू देत नाहीत.

"पण आमचं बाळ गुटगुटीत आहे!"

आपल्याकडे बाळसं दिसलं, की सगळे खूश. पण गोडाने चढलेलं वजन म्हणजे वाढ नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. त्यांचे स्नायू कमी भरले, अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीची! अशी शरीरं पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतात. या बाळांना हाडं आणि स्नायू बांधणारं अन्न हवं. आपण त्यांना साखर देतो. म्हणून अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे कार्डावर लिहून घ्या.

"आम्हीही चहा-बिस्किटावरच वाढलो, आम्हाला काय झालं?" हा प्रश्न ठरलेला. खुंटलेली उंची ज्याची त्याला कळत नाही, कारण आजूबाजूचे सगळे तेवढेच असतात. आणि दोन वर्षांपर्यंत राहिलेली तूट नंतर भरून काढणं फार अवघड जातं.

दोष आईचा नाही

सोयाबीन सोंगायला सकाळीच शेतात गेलेल्या बाईने आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून तीन वेळा कोण भरवणार, हे कुणाला विचारायचं? घरी म्हातारी आजी किंवा सात वर्षांची ताई. दोघींच्या हाताशी येतो तो पुडाच. सरकारने सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार ठेवला. पण पाकीट स्वतःहून बाळाच्या तोंडात जात नाही, आणि घरात आल्यावर ते सगळ्यांत वाटलं जातं. ताजं शिजवलेलं अन्न अंगणवाडीत मिळतं ते तीन वर्षांनंतर, म्हणजे सर्वांत मोलाचा काळ उलटून गेल्यावर. म्हणून हंगामात गावोगावी पाळणाघर हवं आणि तिथे बाळाला भरवणारी बाई पगारावर हवी. ग्रामसभेत रस्ता-नालीबरोबर हेही मागा. बाप, आजोबा, काका यांनीही भरवायला बसावं. घास भरवायला बाईचाच हात लागतो असं काही नाही.

मग द्यायचं काय?

घरात आहे तेच.

- सहा महिने पूर्ण झाले, की उष्टावण लांबवू नका. तूर किंवा मुगाचं घट्ट वरण भातात कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप.
- मऊ शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, त्यात शेंगदाण्याचं बारीक कूट. अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात.
- चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून. आपल्या सोयाबीनची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. निदान अंडं तरी आपल्या बाळाला मिळू द्या.
- पालेभाजी, केळं, पपई, रोज थोडं थोडं.
- आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, नंतर तीन-चार वेळा. आईचं दूध दोन वर्षं किंवा पुढेही चालू ठेवा.
- चहा अजिबात नको. एक वर्षाच्या आत मधही नको.

परवडत नाही म्हणाल, तर हिशेब करा. पाच रुपयांचे दोन पुडे रोज, म्हणजे महिन्याला तीनशे रुपये. तेवढ्यात रोजचं एक अंडं बसतं.

बाळाचं वजन वाढत नसेल, ते मलूल दिसत असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर घरी प्रयोग करत बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. एरवी आज संध्याकाळी एवढंच करा: वरण वाढताना डाव तळापर्यंत घाला आणि पहिली घट्ट डाळ बाळाच्या वाटीत वाढा.