‘मॅजेस्टिक’ म्हटले, तिथेच थांबायचे होते

ऑगस्ट १८०३ मध्ये कवी कोलरिज, विल्यम वर्ड्‌सवर्थ आणि त्याची बहीण डोरोथी स्कॉटलंडच्या सफरीवर होते. क्लाइड नदीवरच्या कोरा लिन धबधब्यापाशी भेटलेला एक अनोळखी प्रवासी कोलरिजला म्हणाला, धबधबा ‘मॅजेस्टिक’ आहे. कोलरिज खूश झाला. ‘ग्रँड’, ‘मॅजेस्टिक’, ‘सब्लाइम’ यांत नेमका फरक काय, यावर आदल्याच दिवशी त्याने वर्ड्‌सवर्थशी बराच खल केला होता, आणि इथे एका वाटसरूने अचूक शब्द उचलला होता. त्याने मनापासून दुजोरा दिला. त्यावर ते गृहस्थ उद्गारले, ‘सब्लाइम अँड ब्यूटिफुल’! कोलरिजची बोलतीच बंद झाली. सोबत्यांकडे येऊन त्याने हा किस्सा पोटभर हसत सांगितला, आणि डोरोथीने तो आपल्या प्रवासवर्णनात टिपून ठेवला.

यात एवढे हसण्यासारखे काय होते? त्या गृहस्थांच्या तोंडून निघालेली जोडी एडमंड बर्कच्या १७५७ सालच्या गाजलेल्या ग्रंथाच्या शीर्षकातली होती. बर्कने तर ग्रंथभर हेच मांडले होते की, या दोन गोष्टींचे एकमेकींशी जमत नाही. ‘सब्लाइम’चे मूळ भीतीत आहे: जे अफाट, काळोखे, बलाढ्य आहे, ज्याच्यापुढे माणूस चिमुकला होतो, पण ज्याच्या तडाख्यापासून तो तूर्त सुरक्षित आहे, ते सब्लाइम. ‘ब्यूटिफुल’ म्हणजे लहान, नितळ, नाजूक, जवळ घ्यावेसे वाटणारे. ग्रंथ न वाचता शीर्षक पाठ झाले की जे होते तेच इथे झाले. कौतुकाच्या इंग्रजी विशेषणांकडे आपण ‘चांगले, जास्त चांगले, फारच चांगले’ अशी शिडी म्हणून पाहतो, तिथेच गफलत होते. समोरच्या वस्तूतल्या कशाने आपल्याला थांबवले, हे त्यातले प्रत्येक विशेषण सांगत असते. ‘ग्रँड’मध्ये आकार आणि थाट आहे; ‘मॅजेस्टिक’मध्ये त्याखेरीज राजाचा रुबाब, कसलीही घाई नसलेला. ‘स्प्लेंडिड’मध्ये झळाळी आहे, ‘मॅग्निफिसंट’मध्ये सढळ हाताने उभे केलेले वैभव, तर ‘एक्स्क्विझिट’मध्ये बारीक, निगुतीची कलाकुसर. लेसच्या रुमालाला एक्स्क्विझिट आणि कॅथीड्रलला मॅग्निफिसंट म्हणणे सहज वाटते. अदलाबदल करा, रुमालाची थट्टा होईल आणि कॅथीड्रल शोकेसमध्ये जाऊन बसेल.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे ज्याच्या त्याच्या भावनेचे आहे; एकाला जे सब्लाइम वाटले ते दुसऱ्याला नुसते सुंदर वाटले, तर बिघडले कुठे? धबधब्याच्या याच किश्शाचा आधार घेऊन इंग्रजीच्या एका शालेय पुस्तकाने तेच शिकवले होते की, असे विशेषण वापरणारा केवळ स्वतःच्या मनाबद्दल बोलत असतो. सी. एस. लुईसने १९४३ च्या ‘द अबॉलिशन ऑफ मॅन’मध्ये त्याचा समाचार घेतला. (लुईसने किस्सा बराच बदलून सांगितला आहे, पण मुद्दा पक्का आहे.) धबधब्याला सब्लाइम म्हणणाऱ्याच्या मनातली भावना काही सब्लाइम नसते, ती असते नम्रतेची, आपण छोटे असल्याची. म्हणजे शब्द भावनेचे वर्णन करत नाही, ती जिने जागवली त्या वस्तूचे करतो. आणि वस्तूचे वर्णन म्हटले की ते चूक की बरोबर, हा प्रश्न आलाच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शब्द झिजतात. मिल्टनच्या १६६७ च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये ‘टेरिफिक’ म्हणजे थरकाप उडवणारे होते. आज टेरिफिक सँडविच मिळते. ‘ऑफुल’ एके काळी आदरयुक्त भय जागवणाऱ्या गोष्टीला लावत, आता भिकार सिनेमाला लावतात. आपल्याकडे ‘भव्यदिव्य’ची गत वेगळी नाही, फ्लेक्सवर दुकानाचे उद्घाटनही त्याहून कमी नसते. मग व्युत्पत्ती उगाळून काय मिळणार? व्युत्पत्तीने आजचा अर्थ ठरत नाही, हे मान्यच आहे. पण झीज सगळीकडे सारखी झालेली नाही. ‘ऑसम’ जवळपास पोकळ झाला, तरी ‘मॅजेस्टिक’ म्हटल्यावर आजही हत्तीची चाल डोळ्यांसमोर येते, चिमणीची नाही. झीज रोज होते म्हणूनच शिल्लक फरक जपायचा. सगळेच शब्द बोथट झाले आहेत असे धरून चालणे म्हणजे उरलेल्यांचीही धार स्वतःच घालवणे.

यात समानार्थी शब्दांच्या याद्यांचा हात मोठा आहे. पीटर रोजेने १८५२ मध्ये आपला थिसॉरस काढला, तेव्हा प्रस्तावनेतच बजावले होते की सारख्या दिसणाऱ्या शब्दांमधले भेद उलगडणे हा वेगळा अभ्यास आहे आणि आपण त्यात पडलेलो नाही. भेद माहीत असलेल्याला विसरलेला शब्द सापडावा, हा त्या पुस्तकाचा खरा उपयोग. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांमध्ये मात्र ‘ग्रँड’, ‘सुपर्ब’, ‘मॅग्निफिसंट’, ‘सब्लाइम’ एका ओळीत, स्वल्पविराम देऊन छापलेले असतात, आणि पर्यायी प्रश्नात यांतला कुठलाही शब्द दुसऱ्याच्या जागी टाकला तरी पूर्ण गुण मिळतात.