ज्ञानवापी : कार्बन डेटिंग, कायदा आणि प्रचलित गैरसमज

वाराणसीतील काशी विश्वनाथ मंदिरालगतच्या ज्ञानवापी मशिदीचा वाद न्यायालयात जितका लढला गेला, तितकाच तो इंटरनेटवरील चर्चांमध्येही लढला जात आहे. दोन्हीकडे वापरले जाणारे शब्द बहुतांशी तेच आहेत. अर्थ मात्र वेगळे आहेत. ‘सर्वेक्षण’ म्हणजे उत्खनन, ‘दावा सुनावणीयोग्य’ म्हणजे दावा मान्य आणि ‘कार्बन डेटिंग’ म्हणजे कोणत्याही वस्तूचे वय सांगणारी हमखास चाचणी, अशी समीकरणे या चर्चांमध्ये रूढ झाली असून, त्यांचा प्रसार दोन्ही बाजूंचे समर्थक सारख्याच उत्साहाने करीत असल्याचे दिसते.

यातील कार्बन डेटिंगचा मुद्दा सर्वाधिक गाजला. न्यायालयाने नियुक्त केलेल्या वकील आयुक्तांनी १४ ते १६ मे २०२२ या काळात मशिदीच्या आवाराची पाहणी केली. त्या वेळी वजूखान्याच्या हौदात एक दगडी आकृती आढळली. ते शिवलिंग असल्याचे हिंदू पक्षकारांनी सांगितले, तर ते हौदातील कारंजे असल्याचे मशिदीची व्यवस्था पाहणाऱ्या अंजुमन इंतेजामिया मसाजिद समितीने म्हटले. त्यानंतर काही महिन्यांतच, शृंगारगौरीच्या दैनंदिन पूजेचा अधिकार मागणाऱ्या पाच महिलांपैकी चौघींनी या आकृतीचे कार्बन डेटिंग करावे, अशी मागणी केली. पाचवीने तिला विरोध केला, ही बाब मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही.

वास्तविक, या पद्धतीने दगडाचे वय सांगता येत नाही. वैश्विक किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरात किरणोत्सर्गी कार्बन-१४ तयार होतो. वनस्पती तो कर्बवायूच्या रूपाने शोषून घेतात आणि अन्नाद्वारे तो प्राण्यांमध्ये येतो. सजीवाचा मृत्यू झाला की ही आवक थांबते आणि साठलेला कार्बन-१४ सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. किती उरला, हे मोजून मृत्यूचा काळ ठरवला जातो. विलर्ड लिबी यांना याच संशोधनासाठी १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लाकूड, कोळसा, हाड, धान्य, कापड यांना ही पद्धत लागू पडते. दगड कधीही सजीव नव्हता, त्यामुळे त्यात मोजण्यासारखे काही नसते.

दगडाचे वय अन्य पद्धतींनी काढता येते, असे यावर सांगितले जाते. ते खरे आहे. परंतु त्यातून मिळते ते खडक निर्माण झाल्याचे वय, आणि ते कोट्यवधी वर्षांचे असू शकते. कारागिराने त्या खडकाला आकार केव्हा दिला, हा प्रश्न तसाच राहतो. त्यामुळे पुरातत्त्वज्ञ भोवतालच्या वस्तूंकडे वळतात. पायातील कोळशाचे तुकडे, लगतची माती किंवा सांध्यांतील चुना यांचे वय काही वेळा काढता येते, कारण चुना घट्ट होताना हवेतील कर्बवायू शोषतो. मात्र तो चुना मूळ बांधकामाचा की नंतरच्या डागडुजीचा, हे आधी सिद्ध करावे लागते. ‘दगडाचे कार्बन डेटिंग होत नाही, म्हणून त्याचा काळच कळणार नाही,’ हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही म्हणूनच अर्धवट ठरतो. शिलालेख, घडणीची शैली आणि बांधकामाचे थर हेही काळ सांगतात.

जिल्हा न्यायालयाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी ही मागणी फेटाळली. न्यायालयाने विज्ञानाची मर्यादा मान्य केली, असा तिचा अर्थ अनेकांनी लावला. प्रत्यक्षात आदेशाचा आधार वेगळा होता. सर्वोच्च न्यायालयाने १७ मे २०२२ रोजी ती जागा सुरक्षित ठेवण्यास सांगितले होते आणि चाचणीत आकृतीला इजा झाल्यास त्या आदेशाचा भंग होईल, असे जिल्हा न्यायालयाचे म्हणणे होते. पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी इजा न पोहोचवता शास्त्रीय तपासणी करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने आठवडाभरातच तो लांबणीवर टाकला. त्यामुळे या आकृतीची अशी कोणतीही तपासणी तेव्हा झाली नाही. ‘चाचणीत सिद्ध झाले’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एवढे तपासले असते तरी पुरे होते.

कायद्याविषयीचे गैरसमज अधिक गुंतागुंतीचे आहेत. पी. व्ही. नरसिंह राव यांच्या सरकारच्या काळात, १९९१ मध्ये, तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री शंकरराव चव्हाण यांनी प्रार्थनास्थळे विधेयक संसदेत मांडले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी प्रार्थनास्थळाचे जे धार्मिक स्वरूप होते तेच कायम राहील, असे या कायद्याचे कलम ४ सांगते, तर कलम ३ त्याचे रूपांतर करण्यास मनाई करते. उल्लंघन करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अयोध्येचा वाद कलम ५ अन्वये वगळण्यात आला होता, काशीचा नव्हता.

या कायद्यामुळे कोणताही दावा दाखलच होऊ शकत नाही, हा एक समज. कायदा आता मोडीत निघाला, हा त्याच्या विरुद्धचा समज. दोन्ही चुकीचे आहेत. प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्याखाली येणारी स्थळे आणि १९४७ नंतर झालेली रूपांतरे यांना या कायद्यातच अपवाद आहेत. शिवाय ‘धार्मिक स्वरूप’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात दिलेली नाही. ज्ञानवापीचा सगळा कायदेशीर पेच याच दोन शब्दांभोवती फिरतो. स्वरूप बदलता येत नाही, पण ते काय होते हे ठरवता येते का? सर्वोच्च न्यायालयात २० मे २०२२ रोजी झालेल्या सुनावणीत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, असे स्वरूप तपासण्यास कायद्याची मनाई असेलच असे नाही, अशा आशयाचे मत तोंडी व्यक्त केले. तोंडी मत हा निकाल नसतो. तरीही त्याला ‘सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय’ म्हणून प्रसिद्धी मिळाली.

असाच प्रकार १२ सप्टेंबर २०२२ च्या आदेशाबाबत घडला. दावा ऐकण्याजोगा नाही, हा मशीद समितीचा आक्षेप जिल्हा न्यायालयाने त्या दिवशी फेटाळला. १९९३ पर्यंत शृंगारगौरीची नित्य पूजा होत होती, असे वादींचे म्हणणे असून त्या केवळ पूजेचा अधिकार मागत आहेत, मालकी नव्हे, असे कारण न्यायालयाने दिले. म्हणजे खटला सुरू राहील, एवढेच ठरले. त्यानंतर फटाके वाजवणाऱ्यांनी आणि न्याय संपल्याचे जाहीर करणाऱ्यांनी एकाच आदेशाचे एकच चुकीचे वाचन केले होते.

अयोध्या निकालाचा दाखलाही सैलपणे दिला जातो. ९ नोव्हेंबर २०१९ च्या त्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९९१ च्या कायद्याचा गौरवपूर्ण उल्लेख केला, हे खरे. परंतु त्या कायद्याची घटनात्मक वैधता हा त्या खटल्यातील प्रश्न नव्हता. त्या वैधतेला आव्हान देणाऱ्या याचिका नंतर स्वतंत्रपणे सर्वोच्च न्यायालयात आल्या.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २०२३ मध्ये, वजूखाना वगळून, आवाराची पाहणी केली. या कामात उत्खनन झाले नाही. जमिनीत रेडिओलहरी सोडून त्यांचे परावर्तन नोंदवणारे रडार वापरण्यात आले. हे रडार जमिनीखालील पदार्थांच्या विद्युत गुणधर्मांत फरक आहे एवढे दाखवते. तेथे भिंत आहे की खांब, आणि तो कोणत्या शतकातला, हे सांगत नाही. १८ डिसेंबर २०२३ रोजी सादर झालेल्या अहवालात विभागाने, वास्तूचे अवशेष, शिल्पे आणि शिलालेखांच्या आधारे, सध्याच्या वास्तूपूर्वी तेथे मोठे हिंदू मंदिर होते, असा निष्कर्ष काढला. इतिहासाच्या अभ्यासकांना हा निष्कर्ष अनपेक्षित नव्हता. औरंगजेबाच्या काळात, १६६९ मध्ये, काशीचे मंदिर पाडल्याचा उल्लेख फारसी बखरीत आहे. जेम्स प्रिन्सेप यांनी एकोणिसाव्या शतकात जुन्या मंदिराचा आराखडा प्रसिद्ध केला होता. आणि बनारस हिंदू विद्यापीठातील मराठी इतिहासकार अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात या विषयाची चर्चा केली होती. सध्याचे विश्वनाथ मंदिर अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले, ते लगतच्या जागेवर.

परंतु पूर्वी काय होते, हा इतिहासाचा प्रश्न आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी काय होते, हा कायद्याचा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे आपोआप मिळत नाही, आणि दुसरे वादग्रस्त आहे म्हणून पहिले नाकारण्याचेही कारण नाही. तसेच आयुक्ताचा किंवा तज्ज्ञ संस्थेचा अहवाल दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पुराव्याचा भाग असतो. त्यावर आक्षेप घेता येतो, तज्ज्ञांची उलटतपासणी होऊ शकते आणि मगच न्यायालय त्याचे वजन ठरवते.

अशा गल्लतीची किंमत कागदावर राहत नाही. उत्तर प्रदेशातीलच संभल येथे २४ नोव्हेंबर २०२४ रोजी मशिदीच्या सर्वेक्षणाच्या वेळी हिंसाचार उसळून चार जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १२ डिसेंबर २०२४ रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या पीठाने, असे नवे दावे नोंदवून घेऊ नयेत आणि प्रलंबित दाव्यांत सर्वेक्षणासह कोणताही परिणामकारक अंतरिम अथवा अंतिम आदेश देऊ नये, असे देशभरातील न्यायालयांना सांगितले. हा आदेशही ‘दावे रद्द’ अशा मथळ्यांखाली फिरला. दावे रद्द झाले नव्हते; ते जेथे होते तेथे थांबवण्यात आले होते.

ज्ञानवापीच्या दक्षिणेकडील तळघरात जिल्हा न्यायालयाने ३१ जानेवारी २०२४ रोजी पूजेस परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२४ रोजी तिला स्थगिती देण्यास नकार दिला आणि मशिदीतील नमाजही निर्वेध सुरू ठेवण्यास सांगितले. नमाजसाठी जाणाऱ्यांचा जिना उत्तरेकडे आणि तळघरात जाण्याचा मार्ग दक्षिणेकडे असल्याची नोंद न्यायालयाने त्या वेळी घेतली.